सुपारी आधी वाजंत्र्यांची

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका बँड कंपनीची खोली आहे. शटर वर केलं की भिंतीला टांगलेली क्लॅरिनेटं, कोपऱ्यात सोनेरी झालरीच्या टोप्यांची चळत आणि मधे टेबलावर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा. यंदा तुळशीच्या लग्नाआधी मास्तरांनी नवा बोर्ड करायला घेतला आणि तिथून सगळं सुरू झालं. जुन्या बोर्डावर कित्येक वर्षं एक ओळ होती, ‘लग्न, वरात, यात्रा यांच्या सुपाऱ्या घेतल्या जातील’. ती नव्या बोर्डावर नको, असं मास्तरांच्या मुलाचं म्हणणं. मुलगा शिकलेला, हिशेब तोच बघतो. “सुपारी म्हटलं की लोकांना खूनच आठवतो, बाबा. बोर्ड दिवसभर रस्त्यावर दिसतो, कुणीतरी फोटो काढून फिरवायचा.” त्याच्या मते तिथं ‘ऑर्डर’ लिहावं.

एवढ्यावर थांबलं असतं तर बापलेकांत मिटलं असतं. पण हे बेळगाव आहे. इथं बोर्डावरचा शब्द म्हटला की गल्ली जागी होते. एका गटानं जाहीर केलं की सुपारी हा अस्सल मराठी शब्द आहे, सीमाभागात एकेक शब्द रक्त आटवून टिकवलाय, तो काढायचा नाही. शेजारचे कन्नड शाळेतले निवृत्त गुरुजी म्हणाले, शब्द तुमचा असेल, पण रीत आमची, आमच्या वीळ्याची, म्हणजे पानाच्या विड्याची. तुम्ही तिला नंतर नाव दिलंत. तिसरे, म्हणजे सुसंस्कृत मंडळी, त्यांचं म्हणणं असं की कलावंतानं ‘सुपारी घेतली’ म्हणणंच मुळात हलकं, ‘मानधन स्वीकारलं’ म्हणावं. तिन्ही बाजूंनी आवाज चढला. मात्र हा शब्द वाजंत्र्यांच्या तोंडी काय काम करतो, हे मास्तरांना कुणी विचारलं नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ओळ राहावी. मराठी आहे म्हणून नव्हे, जुनी आहे म्हणूनही नव्हे. वाजवणाऱ्या माणसाला आधी विचारावं लागतं आणि तो नाही म्हणू शकतो, ही गोष्ट त्या एका शब्दात बसलेली आहे. ‘ऑर्डर’मध्ये ती नाही, ‘मानधना’त तर मुळीच नाही.

सुपारी म्हणजे काय होतं ते एकदा बघा. यजमान येतो, तारीख सांगतो, घासाघीस होते. किती माणसं, किती तास, वरात कुठून कुठं, जेवण कुणाचं, गाडीभाडं कुणाचं. जमलं की यजमान मास्तरांच्या हातावर पाचशे एक रुपये आणि एक सुपारी ठेवतो. मास्तर सुपारी कपाळाला लावतात आणि त्या पत्र्याच्या डब्यात टाकतात. त्या क्षणापासून ती तारीख विकली गेली. उद्या कुणी दुप्पट पैसे घेऊन आला तरी मास्तरांना हलता येत नाही. यजमानानं मोडलं तर इसार बुडाला. मास्तरांना जमेनासं झालं तर सुपारी आणि पैसे दोन्ही परत, आणि तेही स्वतः जाऊन. क्लॅरिनेटवाला ऐन लग्नसराईत आजारी पडला तेव्हा मास्तर खानापूरच्या बाजूला पार जंगलपट्टीतल्या एका गावी सुपारी परत द्यायला गेले होते. फोन होता की, मी म्हटलं. “सुपारी फोनवरून परत देता येती व्हय?” असं उलट मलाच विचारलं. आता पैसे मोबाईलवर येतात, तरीसुद्धा येताना एक सुपारी घेऊन या, असं ते प्रत्येकाला बजावतात. हीच रीत मोठ्या आकारात पाहायची तर नारायणगावला किंवा विट्याला जावं. गावोगावच्या यात्रा कमिट्या तिथं येऊन तमाशाच्या फडांना सुपाऱ्या देतात, आणि त्या जमल्या की फडाचा हंगाम ठरतो.

इंग्रजीत याचा एक चुलतभाऊ आहे, ‘गिग’. अमेरिकेतल्या नि इंग्लंडमधल्या जॅझ वादकांच्या तोंडी हा शब्द १९२० च्या दशकात रुळलेला दिसतो. अर्थ आपल्या सुपारीचाच, ठरलेला एका रात्रीचा कार्यक्रम. तो आला कुठून, यावर शंभर वर्षं तर्क चाललेत आणि एकही पक्का ठरलेला नाही. पण त्याचं पुढं काय झालं ते आपल्या डोळ्यांसमोर आहे. वादकांचा हा शब्द पिझ्झा पोचवणाऱ्या नि टॅक्सी चालवणाऱ्या पोरांना चिकटला आणि तिथून थेट आपल्या कायद्यात शिरला. केंद्राच्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ‘गिग वर्कर’ची व्याख्या आहे, मालक-नोकर या नेहमीच्या नात्याबाहेर राहून काम करणारा आणि त्यातून कमावणारा. ही व्याख्या वाचताना मला मास्तरांचा ट्रम्पेटवाला दिसतो. २०२५ मध्ये कर्नाटकानं अशा कामगारांसाठी वेगळा कायदाही केला, पण तो ॲपवरून काम घेणाऱ्यांसाठी. म्हणजे गंमत बघा, शब्द वादकांचा, संरक्षण मिळालं ते डिलिव्हरीवाल्यांना. त्यांना मिळालं ते चांगलंच झालं. पण विलायती वादकांची सुपारी कायद्याच्या पुस्तकात मानानं बसू शकते आणि आपली मात्र बोर्डावरून पुसायची, हा न्याय कुठला?

मुलाच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा असा की शब्दाचा अर्थ आज लोक लावतात तोच. मूळ काय होतं याला कोण विचारतो. मला हे मान्य आहे. मी स्वतः भजनात पखवाज वाजवतो. दोन वर्षांमागं एका यात्रेहून रात्री दीडला परतताना नाक्यावर आमची गाडी अडवली. कुठून आलात म्हणून विचारल्यावर आमचा झांजवाला, वय वर्षं एकोणीस, झोपेतच म्हणाला, “सायेब, सुपारी हुती, उरकून आलाव.” हवालदार कन्नड. ‘सुपारी’ हा शब्द त्याच्या वर्तमानपत्रात रोज एकाच अर्थानं छापून येतो. तो दोन पावलं मागं सरकला. मग सगळ्यांना खाली उतरवलं, डिकी उघडली. आत पखवाज, टाळांची पिशवी आणि स्टीलच्या डब्यात भिजवलेली कणीक. हे पीठ कशाला, असं त्यानं विचारलं. रात्री दीड वाजता, हात वर करून, पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक का लावतात हे मोडक्या कन्नडमध्ये समजावून सांगायची पाळी माझ्यावर आली. तेव्हा शब्दानं अर्थ बदललाय, हे मला कुणी शिकवायला नको.

पण अर्थ बदलला कसा, हे बघितल्याशिवाय निकाल देऊ नये. खुनाची सुपारी आपल्या वर्तमानपत्रांत नेहमीची झाली ती मुंबईतल्या टोळीयुद्धांच्या काळात, १९८० आणि १९९० च्या दशकांत. त्या जगावर लिहिणारे तिचं मूळ सांगताना माहीमच्या कुणा भीमराजाची गोष्ट सांगतात, त्यानं दरबारात पान ठेवून कामगिरीवर जाणारा वीर निवडला वगैरे. गोष्ट खरी धरा वा खोटी, ती मान्य करते तेवढंच पुरे आहे. टोळ्यांनी रीत नवी काढली नाही, समाजात चालत असलेली उचलली. ती घराघरांत होतीच. आमच्याकडं लग्न ठरलं की ‘सुपारी फुटली’ म्हणतात. गोंधळ्याला, भटजीला, वाजंत्र्याला बोलावणं जायचं ते सुपारीनं. पूजेत गणपती म्हणून मांडतो ती सुपारीच. गुंडांनी वापरली म्हणून तो गणपती कुणी बदलला नाही. मग वाजंत्र्यानंच शब्द का सोडायचा?

इथं गुरुजींच्या कन्नडमधूनच एक दाखला देतो. ‘संचकार’ हा जुना शब्द कन्नडमध्येही आहे आणि मराठीतही होता. मूळ संस्कृत ‘सत्यंकार’, म्हणजे व्यवहार पक्का करायला दिलेली आगाऊ रक्कम, इसार. मराठीत तो आता कोशातच भेटतो. कन्नडमध्ये जिवंत आहे, पण कसा? ‘प्राणक्के संचकार’ म्हणजे जिवावर बेतलेलं संकट. इसाराचा शब्द जिवाच्या धोक्यावर गेला, आणि त्यासाठी मुंबईची टोळी लागली नाही, सिनेमा लागला नाही. पैसे घेतले की माणूस बांधला जातो, माघार राहत नाही. ही बांधिलकीच कधी लग्नाच्या मांडवात दिसते, कधी मृत्यूच्या दारात. संचकाराचं झालं ते सुपारीचं होतंय. फरक इतकाच की संचकाराचा मूळ अर्थ रोजच्या बोलण्यात वापरणारं फारसं कुणी उरलं नाही. सुपारीचा वापरणारे अजून आहेत, रोज आहेत, आणि आपणच त्यांना गप्प बसायला सांगतोय.

कायद्याच्या बाजूनं पाहिलं तर हा प्रश्न आणखी सोपा होतो. १८७२ चा भारतीय करार कायदा घ्या. कलम १० प्रमाणं दोघांनी राजीखुशीनं, कायदेशीर मोबदल्यासाठी, कायदेशीर हेतूनं केलेला ठराव हा करार. तोंडी असला तरी चालतो. कलम २३ म्हणतं, हेतूच बेकायदा असेल तर ठराव रद्दबातल. म्हणजे खुनाची सुपारी हा करारच नव्हे. पैसे घेऊन मारेकरी पळाला तर देणाऱ्याला कुठल्या कोर्टात जाता येईल? वरातीची सुपारी मात्र पक्का करार आहे. दोघांत खरी कुणाची आणि नकली कुणाची हे दीडशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय, आणि आपण खऱ्याला सांगतोय की नकलीसाठी जागा कर.

आता सुसंस्कृत मंडळींकडं वळतो, कारण माझा खरा राग तिथं आहे. ‘मानधन’ शब्द कानाला किती गोड. पण त्याचा व्यवहार बघा. सुपारीत आकडा आधी ठरतो. मानधनाचं पाकीट घरी गेल्यावर उघडतं. सुपारीत घासाघीस करायला लाज नाही. मानधनात ‘किती द्याल’ विचारलं की कलावंत हावरा ठरतो. शाल मिळते, नारळ मिळतो, सरस्वतीच्या उपासकाबद्दल दोन वाक्यं मिळतात, आणि तबलजी रिक्षाचे पैसे खिशातून देऊन घरी जातो. एका समारंभात आम्हा सहा जणांत मिळून जे पाकीट आलं त्यात गाडीचं डिझेलही भागलं नाही. आयोजकाचं नाव घेत नाही, शाल मात्र चांगली होती, आईनं वापरली. मान द्यायचाच असेल तर तो ठरलेल्या पैशावर द्यावा, पैशाच्या जागी देऊ नये.

आणि ‘हलकं’ हा शब्द या मंडळींच्या तोंडून निघतो तेव्हा त्यामागं काय असतं, हेही बोलून टाकू. हलगी, डफ, संबळ, सनई वाजवणारे कोण होते? मांग, होलार, गुरव, कोरवी. गावगाड्यात त्यांचं वाजवणं हे काम नव्हतं, कर्तव्य होतं. मराठीत बलुतं म्हणा, कन्नडमध्ये आय म्हणा, वर्षाकाठी खळ्यावर धान्याच्या चार पायल्या आणि सणाला उरलंसुरलं. त्याबदल्यात पाटलाची वरात असो, देवीची पालखी असो, मयत असो, उठून जायचं. त्या माणसाला सुपारी कोण देणार? ज्याला नाही म्हणायची सोयच नाही त्याला विचारायचं कशाला? या वतनी राबणुकीविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं. त्याआधी तीन वर्षं, १९२५ मध्ये, बहिष्कृत वर्गाची प्रांतिक परिषद आपल्या निपाणीतच भरली होती आणि ते तिथं होते. वतनं प्रत्यक्ष गेली ती फार उशिरा. तिथंही सीमेची गंमत आहे. १९५६ मध्ये बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि याच जिल्ह्यातला चंदगड मुंबई राज्यात राहिला. त्यामुळं चंदगडला मुंबईचा १९५८ चा कायदा लागला, इथं म्हैसूरचा १९६१ चा. एकाच हलगीच्या दोन टोकांना दोन कायदे. पण दोन्हीकडं झालं तेच. हलगीवाल्याला बोलवायचं तर त्याच्या दारात जायची, त्याच्या हातावर काहीतरी ठेवायची वेळ गावावर आली. ज्या पोरांच्या आज्यांना चावडीवरून हाक येत होती, त्यांच्याकडं आता सुपारी येते. हलकं कुठलं त्यातलं?

राहिला मराठी-कन्नडचा वाद. गुरुजींचं म्हणणं वाऱ्यावर सोडण्यासारखं नाही. कन्नडमध्ये ‘रणवीळ्य’ आहे, म्हणजे युद्धाचं आव्हान. विडा देऊन काम सोपवायची रीत तिकडं खोल रुजलेली आहे. मराठीत ‘विडा उचलणे’ आहे. वीळ्य आणि विडा एकाच घरचे. अफजलखानानं विडा उचलला ती गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. तो दरबार विजापूरचा, म्हणजे कन्नड मुलखातला. दरबाराची भाषा फारसी. आणि गोष्ट जिवंत ठेवली मराठी शाहिरांनी नि बखरकारांनी. आता तो विडा कुणाच्या भाषेतला ते सांगा. फळाचंच घ्या. आपल्या बाजारातली सुपारी येते शिरशी-सागरच्या बागांतून, तिथं ती अडकी. भटजी तिला पूगीफल म्हणतो. आपण मराठीत सुपारी म्हणतो, पण ती कातरायला घेतो तो अडकित्ता कन्नडकडून आलेला. अभिमानानं मराठी सुपारी फोडायला बसावं आणि हातात कानडी हत्यार यावं, असा हा भाग आहे.

शब्दाचा दाखला काढून मालकी सिद्ध करणाऱ्यांना मी नेहमी सांगलीची आठवण देतो. १८४२ मध्ये उत्तर कानड्यातल्या कर्कीहून भागवत मंडळींचा मेळा सांगलीत आला, त्यांचे खेळ बघून राजेसाहेबांनी तसं काही मराठीत करायला सांगितलं आणि १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांचं ‘सीतास्वयंवर’ उभं राहिलं. मराठी रंगभूमीचा जन्म आपण तिथून मोजतो. कन्नड मेळ्याचं ऋण सांगितल्यानं ती रंगभूमी कमी मराठी झाली का? पुढं तिला संगीताचं सोन्याचं पान लावणारे अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले ते याच बेळगाव जिल्ह्यात, गुर्लहोसूरला. वादक माणूस हे असलं राजकारण करत नाही, त्याला परवडतच नाही. मास्तरांच्या डब्यातल्या निम्म्या सुपाऱ्या कन्नड घरांतून आलेल्या असतात. गोकाकच्या बाजूची माणसं येतात, बोलणं कन्नडमध्ये होतं, आकडे कुठल्याही भाषेत होतात, आणि शेवटी हातावर पडते ती सुपारीच. १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, शहरात काय वातावरण असतं ते मला ठाऊक आहे. मी त्यातून पळवाट काढत नाही. मराठी पाट्यांचा, मराठी शाळांचा प्रश्न खरा आहे, त्यासाठी भांडलंच पाहिजे. पण ज्या शब्दावर दोन्ही भाषांची माणसं रोज विश्वास ठेवून पैसे देतात, त्याला त्या भांडणात ओढून आपण मिळवणार काय?

शब्दाच्या बाजूनं इतकं बोलल्यावर त्याची खोट झाकणार नाही. सुपारीला कागद नसतो. वरात संपल्यावर मध्यरात्री नवरदेवाचा मामा सापडत नाही आणि उरलेले आठ हजार उद्यावर जातात, तो उद्या पुढच्या लग्नसराईत येतो. चार तास ठरलेले सहा होतात, कारण डीजे बंद पडला. मुलाचा वैताग निम्मा यातून आलाय, आणि तो रास्त आहे. पण ‘ऑर्डर’ लिहून मामा सापडणार आहे का? सुपारीसोबत एक चिठ्ठी द्यावी. तारीख, तास, माणसं, एकूण रक्कम, बाकी कधी आणि कुणाकडून, खाली दोघांच्या सह्या. वाटल्यास दोन लिप्यांत छापा. हे मी मास्तरांना सांगितलं तेव्हा ते गप्प राहिले. मुलानं मात्र लगेच मोबाईलवर नमुना टाइप करायला घेतला आणि मथळा दिला, ‘सुपारी चिठ्ठी’. मी काही बोललो नाही.

काल रंगारी माप घ्यायला आला होता. नियमाप्रमाणं बोर्डाचा ६० टक्के भाग कन्नड हवा, तोही वर. त्या ओळीच्या जागी वर काय लिहू, त्यानं विचारलं. गुरुजी तिथंच होते, म्हणाले वीळ्य लिही. मास्तर म्हणाले, वीळ्य वाचून लोक पानाचं दुकान समजतील. अडकी लिहू का? मग तर किलोचा भाव विचारतील. शेवटी सुपारी हाच शब्द कन्नड अक्षरांत लिहायचं ठरलं. मुलगा मान हलवत राहिला, पण नको असं म्हणाला नाही. मास्तरांनी रंगाऱ्याच्या हातावर शंभर रुपये इसार ठेवला, डबा उघडून वर एक सुपारी ठेवली. रंगाऱ्यानं पैसे खिशात घातले आणि सुपारी सरळ तोंडात टाकली. आता बोर्ड केल्याशिवाय त्याची सुटका नाही.